पांढरीच्या अंगावरचे तांबडे ठिपके

मित्रांनो, माझ्या कागदपत्रांवर कंपनीने दिलेले एक इंग्रजी नाव आहे, पण वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत मला सगळे ‘पांढरी’ म्हणतात. गोठ्यातल्या गाईला ठेवावे तसे हे नाव तानाबाईंनी ठेवले. मी मात्र गाय नाही. चार चाकांची, वयाने बऱ्यापैकी उतरलेली एक मोटार आहे. माझ्यावर मध्यंतरी असा काळ आला होता, की सकाळी उजाडले की मला धडकी भरायची. तीच हकिकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पत्रे कापले, वाकवले, जोडले आणि मग मला अख्खीच्या अख्खी रंगाच्या हौदात बुडवून काढले. त्यावर पांढऱ्या रंगाचे हात दिले आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर चढवला. तो थर म्हणजे माझी कातडी. पहिली काही वर्षे मी नागपुरात एका डॉक्टरांच्या पोर्चमध्ये काढली. तिथे मला ऊन लागले नाही आणि कुणाचा जीवही लागला नाही. पुढे डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली आणि मी नंदिनीच्या घरी आले.

नंदिनी अल्लीपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. बसच्या मागे धावून धावून ती थकली होती. तिचा नवरा रत्नदीप रोज रेल्वेने पुलगावला नोकरीवर जातो. घरात तिसऱ्या त्याच्या आई, तानाबाई. जुन्या गाड्यांच्या दुकानात मला बघायला तिघे आले तेव्हा रत्नदीपचा डोळा शेजारच्या चंदेरी गाडीवर होता. पण पौर्णिमेला पांढरे लुगडे नेसून विहारात जाणाऱ्या तानाबाईंनी माझ्या टपावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हेच घेऊ. किती सोज्वळ दिसून राह्यली पाह्य.”

त्या गल्लीतली मी पहिलीच मोटार. नंदिनीला मला चालवायला शिकवले ते समोरच्या बबनरावांनी. रस्त्याच्या पलीकडे त्यांची टिनाची शेड आहे. तिथे ते लोखंडी फाटके, जाळ्या, जिन्याचे कठडे बनवतात. नंदिनीने गिअर खरकन ओढला की माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा कळवळायचा. “वहिनी, जीव हाये तिच्यात, दमानं घ्या,” असे म्हणायचे. दुपारी तानाबाई त्यांच्यासाठी चहा पाठवायच्या. उजव्या हाताच्या घरात गोपिका राहते. तिची नदीकाठी भाजीची वाडी आहे. पहाटे ती मेथी, कोथिंबीर, वांगी बाजारात नेते आणि परत आल्यावर तानाबाईंच्या ओट्यावर टेकते. दोघींच्या गप्पांना आदी नाही की अंत नाही. मी त्या ओट्याशेजारीच उभी असायची, त्यामुळे गावातले एकही लग्न आणि एकही भांडण माझ्यापासून लपलेले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात बबनरावांना एका मोठ्या इमारतीच्या जाळ्यांचे काम मिळाले. शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्यांनी ग्राइंडर बाहेर रस्त्याच्या कडेला आणला. मित्रांनो, लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या तुम्ही पाहिल्या असतील. दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या सुंदर दिसतात. पण ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला, विझल्यावर डोळ्याला न दिसणारा कण. रस्त्यावरून वारा माझ्याकडे यायचा. शाळेतून येऊन मी उभी राहिले की अंगावर बारीक चटके बसू लागायचे. एकेक कण माझ्या कातडीत रुतून बसे. मग पाऊस यायचा, आणि रुतलेला कण गंजू लागायचा.

मला सगळे कळत होते. पण माझा हॉर्न कुणी दाबल्याशिवाय वाजत नाही.

पहिल्यांदा नंदिनीने पाहिले. एका रविवारी मला धुताना तिचा हात बॉनेटवर थांबला. “अवो, इकडे या जरा,” तिने रत्नदीपला हाक मारली. “हे काय हाये?”

बॉनेटवर, टपावर, डिकीवर तांबडे ठिपके होते. कुणी वरून तिखट भुरभुरावे तसे. साबणाने निघेनात. हात फिरवला तर कागद घासल्यासारखे खरखरीत लागत होते. रत्नदीपने नखाने एक ठिपका खरवडून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“सडली,” तो म्हणाला. “आतून सडून राह्यली गाडी. डॉक्टरनं फसवलं आपल्याले.”

त्या दिवसापासून घराची झोप उडाली. रत्नदीप कामावरून आला की आधी माझ्याभोवती फेरी मारायचा आणि नवे ठिपके दिसले की कपाळाला हात लावायचा. ठिपके तर रोज वाढतच होते. एका ओळखीच्याने गाड्यांचा दलाल पाठवला. त्याने मला लांबूनच पाहिले, जीभ टाळूला लावून चुकचुकला आणि म्हणाला, “साहेब, दिवाळीच्या आत काढून टाका. मंग भंगारवालाच घेईन.”

भंगार! तो शब्द ऐकला आणि माझ्या टाकीतले पेट्रोल गोठल्यासारखे झाले. उन्हात पडलेली, काचा फुटलेली, चाके काढून विटांवर ठेवलेली मोटार मी हिंगणघाटच्या रस्त्यावर रोज पाहत होते. तिच्या जागी मला मीच दिसू लागले.

रत्नदीपच्या मनात आता वेगळेच घोळू लागले. गल्लीत एकट्याकडेच मोटार, ती कुणाच्या डोळ्यांत खुपत असली तर? गोपिका वाडीतून आली की फवारणीचा पंप आमच्या आणि तिच्या घरांमधल्या नळावर धुवायची. पंपाच्या नळीतून एकदा पाण्याचा फवारा माझ्या अंगावर उडालेला रत्नदीपने पाहिला. बस्स. त्याच्या डोक्यात ठिणगी पडली.

“मावशी,” तो ओट्यावरून खाली उतरत म्हणाला, “माह्या गाडीवर औषध काऊन टाकून राह्यली तू?”

गोपिकाला आधी कळलेच नाही. “काय म्हणतं बाबू?”

“आंधळा नाई मी. हे ठिपके कायचे हायेत? आमची गाडी पाहावत नाई का तुले?”

गोपिकाच्या हातातली पंपाची नळी खाली पडली. ती तानाबाईंकडे पाहत राहिली. “तानाबाई, तू बोल. तू सांग त्याले. मी टाकीन तुह्या गाडीवर जहर?”

तानाबाईंचे ओठ हलले, पण मुलापुढे शब्द निघाला नाही. गोपिकाने नळी उचलली, पंप पाठीवर घेतला आणि घरात जाऊन दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता. त्यानंतरही रिकामाच राहिला. मेथी बाजारात जायची ती दुसऱ्या गल्लीने.

या सगळ्याचा त्रास तानाबाईंनी सर्वांत जास्त करून घेतला. त्यांना वाटले, पांढरी स्वच्छ झाली तर सगळे मिटेल. एके दुपारी नंदिनी शाळेला बसने गेली होती, कारण मला रस्त्यावर काढायचीही तिला लाज वाटू लागली होती. घरात कुणी नव्हते. तानाबाई बादली, राख आणि भांडी घासायची तारेची घासणी घेऊन आल्या. “भिऊ नको,” मला म्हणाल्या, “माह्या हातानं काळंकुट्ट पातेलंही चकचकीत होते.”

मित्रांनो, त्या प्रेमाने घासत होत्या आणि माझी कातडी सोलून निघत होती. गुडघे दुखत असताना वाकून वाकून त्यांनी बॉनेटचा एक कोपरा घासला. ठिपके थोडे गेले, पण तिथे ओरखड्यांचे जाळे झाले. पाणी वाळल्यावर ते त्यांना दिसले. संध्याकाळी नंदिनी आली तेव्हा त्या ओट्यावर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

“माह्यानं बिघडली व पांढरी,” त्या म्हणाल्या. “रत्नाले नको सांगजो.”

नंदिनीने ओरखड्यांवर बोटे फिरवली. तिला रडू येत होते हे मला तिच्या तळव्यावरून कळले. पण ती म्हणाली, “आई, ठिपके तर तुमच्या आधीचेच हायेत. चला आत, च्या मांडते.”

आणि गंमत पाहा, त्याच कोपऱ्याने मला वाचवले. काही दिवसांत दव पडू लागले आणि घासलेल्या जागी पूर्वीपेक्षा दाट, नवे तांबडे ठिपके उठले. नंदिनीने ते वाकून नीट पाहिले. मग आत जाऊन तिने ती घासणी आणली. घासणीलाही तसाच तांबडा गंज चढलेला होता.

“आई,” ती हळूच म्हणाली, “घासणीचे कण रंगात अडकले आन् थेच गंजले. म्हणजे गाडी आतून सडत नाई. लोखंड बाहेरून येऊन राह्यलं.”

शाळेतून तिने लोहचुंबक आणले. ते पिशवीत गुंडाळून ओट्याच्या कठड्यावरच्या धुळीतून फिरवले. पिशवीला काळी बारीक लव चिकटली. मग पांढऱ्या ताटलीत पाणी घालून तिने ती माझ्या टपावर ठेवली. दिवस मावळेपर्यंत ताटलीच्या तळाशी काळे कण बसले आणि दुसऱ्या दिवशी ते तांबडे झाले. नंदिनीने मान वर करून वाऱ्याच्या दिशेला पाहिले. समोर ग्राइंडर सुरू होता आणि ठिणग्यांची शेपटी रस्त्याकडे उडत होती.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा चेहरा आणखीच काळजीत पडला. गल्लीतले काही लोक आवाजाला कंटाळून बबनरावांची शेड बंद पाडायच्या गोष्टी आधीपासून करत होते. आता रत्नदीपला कळले तर तोही त्यांना जाऊन मिळेल. सांगावे तर एक माणूस बुडतो, न सांगावे तर गोपिकावरचा आळ तसाच राहतो.

रात्रभर विचार करून तिने सांगितले. रत्नदीपने आधी ताटली पाहिली, मग गोपिकाच्या बंद दाराकडे पाहिले. त्याचा आवाज चढायचा तो चढला नाही. तो तसाच रस्ता ओलांडून गेला. नंदिनी त्याच्या मागे धावली. मी जिवाचे कान करून ऐकत होते.

“बबनभाऊ, तुमच्या लोखंडानं माही गाडी खाल्ली,” रत्नदीप म्हणाला.

“माह्या?” बबनरावांनी ग्राइंडर बंद केला. “एवढा रस्ता ओलांडून? काईही बोलता का राजेहो. मी तिच्यावर हात धरून वहिनीले शिकवलं.”

नंदिनीने चुंबक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते स्वतःच्या बाहीवरून फिरवले, मग रस्त्यावरून, मग माझ्याजवळच्या कठड्यावरून. दर वेळी काळी लव. बबनराव खाली बसले.

“मले सांगाचं होतं ना पहिलेच,” ते एवढेच म्हणाले.

पुढचे काही दिवस ग्राइंडर वाजला नाही. ती शांतता मला चटक्यांपेक्षा जड गेली. मग एका सकाळी बबनराव प्लास्टिकचा डबा आणि फडके घेऊन माझ्याजवळ आले. डबा उघडताच डोळ्यांत जाणारा उग्र वास आला. रंग देण्याआधी ज्या तेजाबाने ते लोखंडाचा गंज काढत, तेच ते होते. त्यांनी फडके भिजवले. मी मनातल्या मनात किंचाळले.

“थांबा!” नंदिनी अनवाणी धावत आली. “बबनभाऊ, थांबा! लोखंडासंगं रंगही जाईन!”

फडके त्यांच्या हातातच राहिले. “मंग काय करू मी वहिनी?” त्यांचा आवाज फुटला. “समोर उभी दिसते ही रोज. जेवण जात नाई.”

“याचं औषध येगळं येते,” नंदिनी म्हणाली. “मी चौकशी केली. संगंच जाऊ आणाले.”

दोघे वर्ध्याला जाऊन गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून ते औषध घेऊन आले. रंगात अडकलेले लोखंड विरघळवणारे, पण रंगाला न दुखवणारे, असे बाटलीवर लिहिलेले होते. लिहिलेल्यावर नंदिनीने विश्वास ठेवला नाही. आधी दाराच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडे लावून पाहिले. रंग टिकला. मग रविवारी सकाळी ऊन यायच्या आत, माझे अंग थंड असताना, तिने मला भरपूर पाण्याने धुतले. हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि फवारा मारला.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग बॉनेटवर जांभळे ठिपके उमटले. ठिपक्यांच्या रेघा झाल्या, रेघांचे ओघळ झाले. टपावरून, दारांवरून, काचांच्या कडांवरून लालजांभळे पाणी वाहू लागले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला.

“अवो माय! रगत निंगून राह्यलं पांढरीचं!” तानाबाई ओरडल्या.

“रंग चालला, नंदिनी! धुऊन टाक!” रत्नदीपने पाण्याचा पाइप उचलला.

“थोडं थांबा,” नंदिनी म्हणाली. पण तिने वाकून दाराची खालची कड पाहिली. दाराखाली लावले तेव्हा एवढे जांभळे पाणी आले नव्हते. मलाही कळेना, माझ्यातून नेमके काय चालले आहे. अंगभर आग नव्हती, फक्त एकेक कण पकड सोडतो आहे असे वाटत होते. काटा रुतलेल्या जागी सुई फिरावी तसे. पण हा काटा निघतो आहे की मीच निघते आहे? बबनराव डोळे मिटून उभे होते.

औषध वाळायच्या आत नंदिनीने पाइप घेतला. जांभळे पाणी ओघळून नालीला गेले. आणि त्याखालून मी निघाले. पांढरी. जिथल्या तिथे.

तानाबाईंनी पुढे होऊन माझ्या टपावर हात फिरवला आणि एकदम बसकण मारली.

हट्टी कणांसाठी औषध पुन्हा मारावे लागले. जे तरीही राहिले ते साबणाच्या पाण्यात मऊ मातीसारखी खास वडी हळूहळू फिरवून काढले. ते काम बबनरावांनी केले. एवढ्या जड हातांचा माणूस इतका अलगद हात फिरवू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. सगळे काही गेले नाही. तानाबाईंचे ओरखडे राहिले आणि बॉनेटवर काही बारीक खड्डे राहिले, ते आजही आहेत. पण दलालाला फोन करून रत्नदीपने नको म्हणून सांगितले. बबनरावांनी ग्राइंडर शेडच्या मागे नेला आणि रस्त्याच्या बाजूला जाड ताडपत्री बांधली.

राहिली गोपिका. रत्नदीप तिच्या दारात गेला. “मावशी, चुकलं माहं,” म्हणाला. तिने ऐकून घेतले, मान हलवली आणि दार लोटले. तानाबाईंनी दिवाळीच्या करंज्या पाठवल्या, त्या तिने ठेवून घेतल्या. पण ओट्यावर ती आली नाही. माझ्या अंगावरचा डाग निघाला, तिच्यावरचा निघाला नव्हता. ती समोरून गेली की मला माझा पांढरा रंग नकोसा वाटायचा.

फेब्रुवारीत एका दुपारी घरची सगळी नात्यातल्या लग्नाला रेल्वेने गेली होती. बबनरावही कामासाठी बाहेर होते. पाहता पाहता आभाळ काळेनिळे झाले. वारा सुटला आणि टिनावर पहिली गार आपटली. मग दुसरी, लिंबाएवढी. एक माझ्या टपावर बसली आणि पत्रा दबला. मी एकटी, उघडी, आणि वर आभाळ फुटलेले. आता माझे काही खरे नाही, असे वाटले.

तेवढ्यात गोपिकाचे दार उघडले. डोक्यावर घमेले पालथे धरून ती धावत आली. काखेत गोधड्या होत्या. एक तिने माझ्या टपावर टाकली, एक काचेवर, एक बॉनेटवर. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांवर स्वतःच्या अंगाने रेलून उभी राहिली. घमेल्यावर गारा वाजत होत्या, पाठीवरही बसत होत्या. “हो बाई, हो,” ती पुटपुटत होती, “झालं, झालं आता.” तिची स्वतःची मेथी त्या वेळी वाडीत झोडपून निघत होती, हे तिला ठाऊक नसेल का?

संध्याकाळी घरची माणसे परतली. गारांचा खच अजून वितळत होता आणि मी गोधड्या पांघरून उभी होते. गोधड्या कुणाच्या हे तानाबाईंनी ठिगळांवरून लगेच ओळखले. रत्नदीपने त्या एकेक करून उचलल्या. पाण्याने त्या इतक्या जड झाल्या होत्या की तो वाकला. तसाच तो गोपिकाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“मावशी,” तो म्हणाला.

गोपिकाने त्याच्याकडे पाहिले. तिच्या खांद्यावर गारेचा काळानिळा वण होता.

“आधी त्या गोधड्या पिळून वाळू घाल,” ती म्हणाली. “मंग बोल काय बोलाचं थे.” आणि मग मागे वळून मोठ्याने हाक मारली, “तानाबाई, च्या मांडजो व. थंडी भरली मले.”

मित्रांनो, घरी मोटार असेल, सायकल असेल, नाहीतर आजोबांची जुनी खुर्ची असेल. तिच्यावर डाग दिसला तर घासायच्या आधी तो कशाचा आहे हे नीट पाहा. घाईत घासलेल्याचे ओरखडे जात नाहीत. आणि डाग कुणी पाडला, हे खात्री झाल्यावाचून कुणाच्या दाराशी जाऊन बोलू नका. आम्ही वस्तू मुक्या असतो, चूक कुणाची ते सांगू शकत नाही. तेवढे तुम्हालाच पाहावे लागते.

त्या संध्याकाळी रत्नदीप अंधार पडेपर्यंत गोधड्या पिळत होता, आणि ओट्यावर दोघी चहा पीत बसल्या होत्या.